नऊ वर्षांची साक्षीदार

भुताखेतांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतीलच. रात्री दिवे गेले आणि घरातली सगळी माणसे एका खोलीत जमली, की कुणीतरी अशी गोष्ट काढतोच. लहान मुले घाबरून आईला चिकटतात आणि तरीही विचारतात, “मग पुढे काय झाले?”

इंग्लंडच्या उत्तरेला लँकशायर नावाचा भाग आहे. तिथल्या चेटकिणींच्या गोष्टी पेंडल नावाच्या एका टेकडीभोवती फिरतात. टेकडीची उंची ५५७ मीटर, म्हणजे फार नाही. पण ती एकटीच उभी असते आणि तिचा माथा पुष्कळदा धुक्यात बुडालेला असतो. दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या रात्री माणसे काळ्या उंच टोप्या घालून ही टेकडी चढतात. आसपासच्या गावांत दुकानांच्या पाट्यांवर झाडूवर बसलेली चेटकीण दिसते. पाहुण्यांना ही सारी गंमत वाटते. पण या गंमतीमागे एक खरा खटला आहे आणि त्या खटल्यात तुमच्याहूनही लहान अशी एक मुलगी उभी आहे.

चारशे वर्षांपूर्वी पेंडलच्या परिसरात गरिबी फार होती. वैद्य दूर आणि महाग. गाय आजारी पडली किंवा दूध नासले, तर लोक एखाद्या म्हातारीला बोलावत. ती काहीतरी मंत्र पुटपुटे, तोडगा सांगे आणि थोडे पीठ किंवा दूध घेऊन जाई. अशा दोन म्हाताऱ्या तिथे होत्या. एलिझाबेथ सदर्न्स हिला लोक डेमडाइक म्हणत, तर अ‍ॅन व्हिटल हिला चॅटॉक्स. दोघींच्या घरांत वैर होते. डेमडाइकला एकदा आजारी गाय बरी करायला नेले आणि पुढे ती गाय मेली. गाय बरी झाली तर म्हातारी गुणाची. मेली तर तिनेच मारली! लोक तिला बोलावीतही आणि तिला भीतही.

१८ मार्च १६१२ रोजी डेमडाइकची नात अ‍ॅलिझन डिव्हाइस रस्त्याने चालली होती. वाटेत तिला जॉन लॉ नावाचा फेरीवाला भेटला. तिने त्याच्याकडे टाचण्या मागितल्या. त्या काळी टाचण्या महाग असत आणि लोक तोडग्यांसाठीही त्या वापरत. फेरीवाल्याने गाठोडे सोडायला नकार दिला. अ‍ॅलिझन रागावली. थोड्याच वेळात तो माणूस कोसळला. त्याची डावी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. हा अर्धांगवायूचा झटका होता, असे आज वाचणाऱ्याला सहज कळते. तुम्ही घरी याला फालिज म्हणता. पण तेव्हा सर्वांना वाटले, की हे चेटूक आहे. अ‍ॅलिझनलाही तसेच वाटले! तिने त्या माणसाची रडत क्षमा मागितली. आपल्या रागाने माणूस आडवा झाला, असे त्या मुलीला मनापासून वाटत होते.

प्रकरण रॉजर नोवेल या न्यायाधिकाऱ्याकडे गेले. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स हा राजा होता. चेटकिणींविरुद्ध त्याने स्वतः एक पुस्तक लिहिले होते आणि १६०४ मध्ये कडक कायदाही झाला होता. नोवेलने एकाला विचारले, की तो दुसऱ्याचे नाव घेई. डेमडाइक, चॅटॉक्स, चॅटॉक्सची मुलगी आणि अ‍ॅलिझन या चौघींना लँकेस्टरच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकले. त्यानंतर १० एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, डेमडाइकच्या घरी काही शेजारी जमले. अ‍ॅलिझनच्या भावाने चोरलेल्या मेंढीचे जेवण होते. घरची माणसे कैदेत असताना शेजारी जमतात, यात नवल ते काय? पण नोवेलच्या कानावर आले, की ही चेटकिणींची सभा होती आणि किल्ला दारूने उडवून देण्याचा तिथे बेत झाला. पुन्हा धरपकड झाली.

आता ती मुलगी. तिचे नाव जेनेट. अ‍ॅलिझनची धाकटी बहीण, वय सुमारे नऊ वर्षे. सभेला कोण कोण होते, हे तिने नोवेलला सांगितले होते. ऑगस्टमध्ये लँकेस्टरला खटला चालला, तेव्हा तिला कोर्टात आणले. एरवी इतक्या लहान मुलांची साक्ष कोर्ट सहसा धरत नसे. पण राजाच्या पुस्तकात चेटकाच्या खटल्यात मुलांची साक्षही चालेल, असे म्हटले होते. आरोपींना वकील नव्हता. तशी पद्धतच नव्हती.

कोर्टाचा लेखनिक थॉमस पॉट्स याने हा सारा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याचे पुस्तक १६१३ मध्ये छापले गेले. जेनेटला पाहताच तिची आई एलिझाबेथ मोठमोठ्याने ओरडू लागली. मुलगी रडू लागली. तिला बोलता येईना. तेव्हा आईला बाहेर नेले आणि सर्वांना दिसावी म्हणून मुलीला टेबलावर उभे केले. मग जेनेट बोलली. माझी आई चेटकीण आहे, तपकिरी कुत्र्याच्या रूपातले एक भूत तिच्याकडे येते आणि ती सांगेल त्या माणसाला मारते, असे तिने सांगितले. भावाविरुद्धही ती बोलली. अ‍ॅलिस नटर ही सुखवस्तू घरातली विधवा सभेला होती का, हे पाहण्यासाठी न्यायाधीशांनी अनेक बायकांना एकत्र उभे केले. जेनेटने अ‍ॅलिसचा हात बरोबर धरला. एक खोटे नावही तिला विचारून पाहिले. अशी बाई तिथे नव्हती, असे ती म्हणाली. ही परीक्षा चतुर होती, हे मान्य करायला हवे. पण त्यातून फार तर एवढेच ठरते, की मुलगी त्या बाईला ओळखत होती. जेवायला जमणे म्हणजे चेटूक कसे, हे कुणी विचारले नाही.

त्याच कोर्टात, त्याच दिवसांत, आणखी एक मुलगी आली होती. सॅम्ल्सबरी गावची ग्रेस सॉवरबट्स, वय चौदा. आपली आजी आणि आणखी दोन बायका चेटकिणी आहेत, असे ती म्हणत होती. इथे मात्र आरोपी बायकांनी न्यायाधीशांना विनवले, की या मुलीला हे कुणी शिकवले ते विचारा. चौकशी झाली आणि आपल्याला एका कॅथलिक धर्मगुरूने पढवले, असे ग्रेसने सांगून टाकले. तिन्ही बायका सुटल्या. जेनेटला मात्र असे कुणी विचारले नाही.

२० ऑगस्ट १६१२ रोजी दहा जणांना फाशी दिले. त्यांत जेनेटची आई होती, भाऊ होता, बहीण अ‍ॅलिझन होती आणि अ‍ॅलिस नटरही होती. आजी डेमडाइक आधीच तुरुंगात मेली होती. जेनेट मागे उरली.

खटल्यातले शब्द एकदा पाहा. उर्दूत तुम्ही गवाही म्हणता, ती मराठीत साक्ष. फिर्याद, कबुली, कैद हे शब्द मात्र दोन्ही भाषांत आहेत, आणि जादू हा शब्दही मराठीने फारसीतूनच घेतला.

एकवीस वर्षे गेली. त्याच पेंडलच्या मुलखात एडमंड रॉबिन्सन नावाचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा एक अजब हकीकत सांगू लागला. १ नोव्हेंबर १६३३ ला आपल्याला दोन शिकारी कुत्रे दिसले. ते सशामागे धावेनात म्हणून आपण त्यांना मारले, तर एकाची बाई झाली आणि दुसऱ्याचा मुलगा. मग त्या मुलाचा घोडा झाला आणि बाई आपल्याला त्यावर बसवून चेटकिणींच्या मेजवानीला घेऊन गेली! एडमंडचा बाप त्याला चर्चमागून चर्चमध्ये नेऊ लागला. मुलगा बोट दाखवी आणि ती बाई पकडली जाई.

एका चर्चमध्ये जॉन वेबस्टर हे धर्मोपदेशक होते. त्यांनी मुलाला बाजूला घेऊन विचारले, की बाळ, हे तू खरेच पाहिलेस का? लगेच सोबतच्या माणसांनी मुलाला ओढून नेले. दोन न्यायाधिकाऱ्यांनीही त्याला असे विचारले नव्हते, असे ते म्हणाले. मग तर त्या आरोपी बायांवर जास्तच अन्याय झाला, असे वेबस्टरांनी उत्तर दिले. पुढे १६७७ मध्ये त्यांनी हे सारे आपल्या पुस्तकात लिहिले.

१६३४ मध्ये लँकेस्टरच्या कोर्टाने अनेकांना दोषी ठरवले. पण या वेळी न्यायाधीशांना शंका आली. त्यांनी राजा पहिला चार्ल्स याला कळवले. काही बायकांना लंडनला नेऊन तपासले. ही तपासणी करणाऱ्यांचे प्रमुख होते डॉक्टर विल्यम हार्वे. शरीरात रक्त कसे फिरते हे शोधणारे तेच हार्वे! चेटकाची खूण म्हणावी असे काही त्यांना सापडले नाही. एडमंडला बापापासून वेगळे ठेवून विचारले, तेव्हा त्याने सांगितले, की गाई घरी आणायच्या सोडून मी खेळत बसलो होतो. मार पडेल म्हणून ही गोष्ट रचली. रचायला सामान कुठून आणले? मोठी माणसे १६१२ च्या चेटकिणींबद्दल बोलत, ते ऐकून.

कुणाला फाशी झाले नाही. तरीही सगळ्या सुटल्या असे समजू नका. त्या काळी कैद्याला स्वतःचा तुरुंगातला खर्च भरावा लागे. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या आतच राहिल्या. १६३६ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे एडमंडच्या कबुलीनंतर दोन वर्षांनी, लँकेस्टरच्या किल्ल्यातल्या कैद्यांची एक यादी केलेली आहे. तिच्यात एक नाव आहे जेनेट डिव्हाइस. टेबलावर उभी राहिलेली मुलगी ती हीच असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते.