बेवारस पॅकेज हाती घेण्याआधी

शिरूर (घोडनदी)

चि. भाचीस,


तू रात्र रात्र लॅपटॉपसमोर बसतेस म्हणून तुझी आई काळजीत आहे. तुझा मेसेज वाचून मला मात्र आनंद झाला. एयूआरमधलं, म्हणजे आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनीच चालवलेल्या भांडारातलं, तुझ्या रोजच्या वापरातलं एक पॅकेज मागे पडलंय, ते राखणारा मेंटेनर दाद देत नाही, आणि ते आपल्याकडे घ्यावं असं तुझ्या मनात आहे. जरूर घे. फक्त कसं घ्यायचं ते आधी ऐक. रांजणगावच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळताना असल्याच कुणी कुणी फुकट राखलेल्या पॅकेजांवर माझं काम चालतं, म्हणून हे मनापासून लिहितोय.

तुमच्या दौंडला भीमेवर आणि इकडे घोडवर कोल्हापुरी बंधारे आहेत. पावसाळा सरला की पाणी अडवणारे ढापे बसवायचे, पुढचा पाऊस लागण्याआधी काढायचे. बसवायला उशीर झाला तर पाणी खाली निघून जातं. काढायचे राहिले तर पूर कडेचा भराव फोडून जातो. बांधणाऱ्याचं नाव पाटीवर असतं, दरवर्षी ढापे घालणाऱ्याचं कुठेच नसतं. पॅकेज राखणं हे ढापे घालण्याचं काम आहे. एकदा करून सुटत नाही.

आधी ते पॅकेज खरोखर दुर्लक्षित आहे का, ते बघ. जुनं म्हणजे दुर्लक्षित नव्हे. मूळ प्रकल्पानेच वर्षानुवर्षं नवी आवृत्ती काढली नसेल, तर मेंटेनरने करायचं काय? नावाच्या शेवटी ‘गिट’ असलेली पॅकेजं बांधताना ताजा कोड आपोआप ओढतात. तिथला आवृत्तीचा आकडा जुना दिसला म्हणून ‘आउट ऑफ डेट’चा शिक्का मारायचा नसतो. आणि मूळ प्रकल्पच बंद पडून काही चालेनासं झालं असेल, तर वाचवण्याचा हट्ट नको. ते काढून टाकायची विनंती करणं हीसुद्धा सेवाच आहे.

खरंच मागे पडलं असेल तर शिक्का मार, नवी आवृत्ती कुठे आहे ते लिही, आणि मेंटेनरला मेल कर. ‘मला द्या’ असं नको, ‘मी जोडीला येऊ का’ असं विचार. सह-मेंटेनर म्हणून नाव जोडायची सोय आहे, ती याचसाठी. उत्तर आलंच नाही तर ‘ऑर्फन’ची, म्हणजे पॅकेज बेवारस ठरवण्याची, विनंती कर. दोन आठवडे त्याने काहीच हालचाल केली नाही तर ती मान्य होते. शिक्का बसून 180 दिवस उलटले असतील तर आपोआप होते. डेबियनवाले याहून सबुरीचे. 2018 पासून त्यांच्याकडे दुर्लक्षित पॅकेज सोडवून घेण्याची रीत आहे: जाहीर इरादा सांगायचा, 21 दिवस थांबायचं, मग आपलं काम चढवायचं, तेही 7 दिवसांच्या रांगेत, म्हणजे मूळ माणसाला अडवायला वाव राहतो.

ही सबुरी कशासाठी, ते एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात दिसलं. लासे कॉलिन हा माणूस ते राखण्याचं काम एकट्याने, बिनपगारी करत होता. 2022 मध्ये काही अनोळखी खात्यांनी त्याला ‘काम होत नसेल तर दुसऱ्याला द्या’ म्हणून टोचायला सुरुवात केली. आपली मानसिक तब्येत बरेच दिवस ठीक नाही, असं त्याने सांगितलं होतं. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी मदतीला आला, विश्वास कमावून बसला, आणि 2024 मध्ये 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. एसएसएच लॉगिनला किंचित जास्त वेळ का लागतो, याच्या मागे लागलेल्या आंद्रेस फ्रॉइंडने 29 मार्चला तो उघड केला. थकलेल्या माणसाला टोचणारा एकही शब्द तुझ्या मेलमध्ये येता कामा नये.

एयूआरमध्येही जुलै 2018 मध्ये असंच घडलं. ‘अ‍ॅक्रोरीड’ हे बेवारस झालेलं पॅकेज एका खात्याने दत्तक घेतलं आणि बांधणीच्या कृतीत बाहेरून स्क्रिप्ट आणून चालवणारी ओळ घुसडली. पॅकेज एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तोच क्षण धोक्याचा. तेव्हा नव्या मेंटेनरकडे, म्हणजे तुझ्याकडे, लोक संशयाने बघतील, आणि ते योग्यच आहे. वाईट वाटून घेऊ नकोस.

म्हणून पहिला बदल लहान ठेव. पीकेजीबिल्ड, म्हणजे बांधणीची कृती, उघडलीस की सोर्सचा पत्ता मूळ प्रकल्पाचाच आहे ना, ते आधी बघ. मग आवृत्तीचा आकडा बदल, पीकेजीरेल हा बांधणीचा क्रमांक परत 1 वर आण, चेकसम नव्याने काढ. तुझ्या मशीनवर चाललं एवढ्यावर विसंबू नकोस. कोऱ्या चरूटमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या जागेत, बांध, म्हणजे राहून गेलेली डिपेन्डन्सी तिथेच उघडी पडते. इन्स्टॉल फाइल ओळ न् ओळ वाच. एसआरसीइन्फो ही पॅकेजच्या माहितीची फाइल नव्याने काढायला विसरू नकोस, नाहीतर साइटवर जुनाच आकडा दिसत राहील. आणि बदल का केला हे साध्या वाक्यात नोंदव.

उत्साहाच्या भरात पाच-दहा पॅकेजं मात्र घेऊ नकोस. जे स्वतः वापरतेस तेच घे. बिघडलं की पहिल्यांदा तुलाच कळेल. नंतर हौस राहिली तर मराठीच्या गोष्टींकडे बघ: फॉन्ट, कळपाट, शब्दतपासणीचे कोश. रेड हॅटने 2004 मध्ये लोहित फॉन्ट खुले केले, 2011 मध्ये त्यांना ओपन फॉन्ट लायसन्स दिलं. म्हणूनच ते आज कुणालाही दुरुस्त करता येतात. पण जोडाक्षर तुटलेलं जर्मनीतल्या मेंटेनरला दिसणार नाही, तुला दिसेल.

परीक्षा आल्या, नोकरी लागली, वेळ मिळेना, तर पॅकेज उघडपणे सोडून दे. ‘डिसओन’ करण्यात कमीपणा नाही. नाव लावून गप्प बसणं वाईट, कारण मग दुसऱ्यालाही हात लावता येत नाही.

आज रात्री पीकेजीबिल्ड घेऊन बसू नकोस. मेंटेनरला चार ओळींचा मेल लिही, इतकी वर्षं पॅकेज राखल्याबद्दल पहिल्या ओळीत त्याचे आभार मान, आणि पाठवून झोप.

तुझा,
मामा