मराठी बंद करा, असं कुणी सांगितलं तर

बोलायला उशीर होणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘त्याचा गोंधळ होतोय, घरात एकच भाषा ठेवा.’ ती एक भाषा कोणती, हे विचारायची वेळच येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, थेरपीतली चित्रांची कार्डं इंग्रजी, म्हणून बंद व्हायची ती मराठी. हा सल्ला आम्हालाही मिळाला, आम्ही तो निमूटपणे पाळला, आणि त्यात गेलेले महिने आता परत मिळायचे नाहीत. घरात काय काय झालं ते उगाळत बसत नाही. पण तो सल्ला चुकीचा होता हे आज मी ठामपणे सांगू शकते, आणि ज्यांनी तो दिला त्यांना हे तेव्हाच माहीत असायला हवं होतं, ही सल अजून गेलेली नाही.

या सल्ल्यामागची समजूत अशी, की दोन भाषा म्हणजे मुलाच्या डोक्यावर दुप्पट ओझं. ऐकताना पटतं, कारण ज्याला दोन शब्द जुळवता येत नाहीत त्याला चार कुठून येणार? पण ही समजूत संशोधकांनी तपासून पाहिलेली आहे. 2003 साली कॅनडात जोआन पॅरॅडिस आणि सहकाऱ्यांनी भाषेचा विकासदोष असलेली, फ्रेंच व इंग्रजी दोन्ही बोलणारी साधारण सात वर्षांची मुलं घेतली आणि हाच दोष असलेल्या पण एकच भाषा बोलणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना केली. व्याकरणात दोन भाषांची मुलं मागे पडलेली नव्हती. 2005 साली एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड यांच्या गटाने डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची तपासणी केली, तेव्हाही दुसऱ्या भाषेमुळे इंग्रजी खालावल्याचं दिसलं नाही. अभ्यासातली मुलं थोडी होती हे खरं; पण पुढे ऑटिझम असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतही निष्कर्ष उलटला नाही. आणि दोन भाषा हेच कारण असेल, तर इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या आकड्यांचं काय करायचं? तिथे ज्यांची घरची भाषा इंग्रजीच आहे अशा, शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांची मोठी पाहणी झाली; तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दुसरं कुठलंही ज्ञात कारण नसताना साधारण सात टक्के मुलांत, म्हणजे तीसच्या वर्गात दोघांत, भाषेचा दोष आढळला. त्या मुलांच्या घरातून कुठली भाषा काढायची होती? अडचण भाषा शिकण्याच्या प्रक्रियेतच असते, म्हणून ती मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसते. याच्या उलट, घरी मराठीत भरभरून बोलणारं मूल बालवाडीत गप्प बसत असेल तर तो दोषच नसतो. त्याच्या कानावर इंग्रजी अजून पुरेसं पडलेलं नसतं, इतकंच. हा फरक न करता जो सल्ला देतो, त्याने मूल नीट तपासलेलंच नाही असं मी मानते.

भाषा बदलली की घरात प्रत्यक्ष काय होतं, ते स्वयंपाकघरात उभं राहून पाहा. आई मराठीत बोलत असते तेव्हा कांदा चिरायचा असतो, बटाटा सोलायचा, गाजर किसायचं, लसूण ठेचायचा, चटणी वाटायची, पोळी लाटायची. दूध उतू जातं, भात करपतो, फोडणी तडतडते, डोळे चुरचुरतात. तासाभरात दहा-बारा क्रियापदं कानावर पडतात, आणि प्रत्येकीबरोबर हाताची हालचाल असते, वास असतो, आवाज असतो. त्याच आईला आता इंग्रजीत बोलायला लावा. चिरणं, सोलणं, किसणं, ठेचणं या सगळ्याचं ‘कट’ होतं. उरतात ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘व्हॉट कलर?’, ‘से ॲपल’. बोलणं हुकमांवर आणि परीक्षेवर येतं. रुसवेफुगवे, लाडीगोडी, गावच्या गप्पा, सगळं आटतं. चिऊ-काऊची गोष्ट आठवा. कावळा दार ठोठावतो, चिऊ दर वेळी तेच उत्तर देते, बदलतं ते फक्त बाळाचं काम: कधी आंघोळ, कधी काजळ. साचा एकच आणि प्रत्येक फेरीला नवा शब्दही एकच. भाषेत अडखळणाऱ्या मुलाला नेमकं हेच हवं असतं, थेरपीच्या टेबलावर कार्डं मांडून हेच साधायचं असतं. आजीकडे ते तयार असतं, आणि नेमकं आजीलाच गप्प केलं जातं, कारण तिला इंग्रजी येत नाही.

यावर लोक म्हणतात, आमच्या शेजाऱ्यांनी एकच भाषा ठेवली आणि त्यांचा मुलगा बोलायला लागला. लागला असेल. पण त्याच महिन्यांत थेरपी सुरू झालेली असते, मोबाइल बंद झालेला असतो, आईवडील रोज तासभर खाली बसून खेळायला लागलेले असतात आणि मूल अर्ध्या वर्षाने मोठंही झालेलं असतं. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीचशी आपणहून वेग पकडतात, हेही खरं आहे. यातलं श्रेय भाषा बंद करण्याला कशावरून द्यायचं? दुसरा आक्षेप शाळेचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. शाळेत इंग्रजी लागणारच. तर मग इंग्रजी वाढवा, ज्याला ते सहज येतं त्याच्याकडून आणि शाळेतून वाढवा. त्यासाठी मराठी काढायची गरज नाही. काही मुलं, विशेषतः ऑटिझम असलेली, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आधी इंग्रजीच उचलतात. त्यांचं इंग्रजी हट्टाने नाकारू नका. मूल ‘वॉटर’ म्हणालं तर पाणी द्या आणि ‘पाणी हवं? हे घे गार पाणी’ म्हणा. माझं भांडण इंग्रजीशी नाही, घरातलं बोलणं तोडायला लावणाऱ्यांशी आहे.

मला सर्वांत जास्त चीड येते ती हा सल्ला देणाऱ्यांच्या वागण्याची. सल्ला देणाऱ्याला त्यात काहीच घालवावं लागत नाही. पाच मिनिटांत वाक्य टाकलं की काम झालं, आणि सहा महिन्यांनी फरक पडला नाही की प्रश्न आईलाच विचारला जातो: घरात कटाक्षाने पाळता ना? त्याच्याशी कुणी बोलत नाही का? तुम्ही नोकरी करता का? भाषेचा विकासदोष आईच्या नोकरीने होत नाही, दोन भाषांनीही होत नाही. नातेवाइकांचं ‘मुलगे उशिराच बोलतात’ आणि वाचा फुटावी म्हणून जिभेवर घासायला आणून दिलेलं वेखंड यांना निदान उपचाराचं नाव तरी नसतं. मराठी बंद करण्याला मात्र उपचाराचा मान मिळतो, आणि त्या आडोशाने खऱ्या तपासण्या राहून जातात.

त्या तपासण्यांत पहिली कानाची. मूल दार वाजलं की वळून बघतं, म्हणून ऐकू येतं असं गृहीत धरू नका. काही विशिष्ट पट्टीतले आवाज ऐकू येत नसले तरी मूल आवाजाकडे वळतं. ओएई किंवा बेरा ही ऐकण्याची चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन वर्षं पूर्ण होताना पन्नासच्या आसपास शब्द आणि ‘बाबा गेला’सारखी दोन शब्दांची जुळणी नसेल तर दाखवून घ्या. खासगी फी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषाविलंबाचा समावेश आहे. 2013 साली हा कार्यक्रम सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, आणि त्याखालची डीईआयसी, म्हणजे मुलांच्या अडचणींवर लवकर उपाय करणारी केंद्रं जिल्हा पातळीवर आहेत. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. थेरपिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडची नोंदणी विचारायला लाजू नका. मुलाचे शब्द मोजले जातील तेव्हा सगळ्या भाषांतले मोजायला सांगा. ‘बॉल’ इंग्रजीत आणि ‘भूर’ मराठीत येत असेल तर ते दोन शब्द आहेत. तपासणीच्या खोलीत मूल मुकं होतं, म्हणून घरचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून न्या. धीर धरा, पुस्तकं दाखवा, मोबाइल कमी करा, हे तर सगळेच सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

आणि कुणी भाषा बंद करायला सांगितलीच, तर फाइलमध्ये लिहून मागा: कोणती भाषा, किती महिने, कशावरून फरक कळेल, आणि नाही पडला तर पुढे काय. हे मी विचारलं नव्हतं. भाषा बंद करण्याऐवजी एखाद्या सेशनला आजीला आत बसवून घ्यायला सांगा. तिथे तिला तीन कामाच्या गोष्टी कळतील: ‘हे काय? ते काय?’ कमी करायचं, मूल ज्याच्याकडे बघतंय त्याच्याबद्दल बोलायचं, आणि बोलून झालं की मनात दहापर्यंत मोजत थांबायचं. मूल ‘काऊ’ म्हणालं तर ‘काऊ उडाला’ म्हणायचं, आणि पुन्हा थांबायचं.