दारू रक्तात असते काय?

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कालव्यांमुळे ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले आणि कारखान्यांतून मळी निघू लागली. मळीपासून मद्यार्क तयार होतो. दारू मात्र विशिष्ट वस्त्यांच्या ‘रक्तातच’ असल्याचे बोलले जाते. आमच्या विद्यार्थ्यांनीही हे वाक्य निमूटपणे ऐकले आहे. म्हणून ते शास्त्राच्या कसोटीवर तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मद्यार्काचे शरीरात प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते. पुढे एक विकर ते निरुपद्रवी करते. या विकराच्या जनुकाचे एक दुबळे रूप जपान, चीन व कोरिया येथील सुमारे ३० ते ४० टक्के लोकांत आढळते. त्यांना थोड्या दारूनेही मळमळते, छाती धडधडते, चेहरा लाल होतो. त्यामुळे व्यसन जडण्याचा संभव घटतो. भारतात हे रूप विरळ आहे. जनसमूहांत जनुकरूपांचे प्रमाण भिन्न असते, हे यावरून मान्य करावे लागते.

परंतु जपानमधीलच पुढील नोंद पाहावी. तेथील मद्यासक्त रुग्णांत हे संरक्षक रूप एका पालकाकडून लाभलेल्यांचे प्रमाण १९७९ साली २.५ टक्के होते. १९९२ साली ते १३ टक्के झाले. तेरा वर्षांत जनतेची जनुके बदलत नाहीत. बदलते ती समाजाची रीत.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार मद्यासक्तीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा आहे. मात्र हा हिशेब एकाच समूहातील व्यक्ती-व्यक्तींमधील फरकाचा आहे. त्यावरून कोणत्याही जातीचा स्वभाव ठरत नाही.

जन्मावरून शिक्का मारण्याचे परिणाम इतिहासाने दाखविले आहेत. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. त्यांची मुक्तता ३१ ऑगस्ट १९५२ रोजी झाली. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात नाकाच्या मापांची आकडेवारी तपासून ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशाचे नाहीत, असा निष्कर्ष काढला. आकड्यांना आकड्यांनीच उत्तर देण्याची ही रीत आपण घ्यावी.

ज्या घरात वडील पितात, तेथील मुलास अधिक जपावे, वडिलांना उपचारास न्यावे. लाज बाळगू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. सारे रक्तच ठरवीत असते, तर त्या प्रतिज्ञेला अर्थ उरला नसता.