बुडी कुठे मारावी?

अंदमानच्या सहलीला निघालेल्या काही विद्यार्थ्यांनी मला विचारले, "सर, तिथे पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रात बुडी मारता येते. पण जागा पुष्कळ आहेत. कोणती निवडावी?" या प्रश्नाचे बरेचसे उत्तर शाळेतल्या पदार्थविज्ञानात दडलेले आहे. ते आपण शोधू या.

अंदमानातील हॅवलॉक बेट अशा बुड्यांसाठी, म्हणजे स्कूबासाठी, प्रसिद्ध आहे. २०१८ साली त्याचे नाव स्वराज द्वीप असे ठेवण्यात आले. तेथे ढोबळमानाने दोन प्रकारच्या जागा आहेत. 'नेमो रीफ'सारख्या जागा किनाऱ्याला लागून व उथळ आहेत. तेथे चालतच पाण्यात उतरता येते. 'डिक्सन्स पिनॅकल'सारख्या जागा म्हणजे दूर समुद्रात पाण्याखाली उभे असलेले खडकांचे सुळके. तेथे होडीने जावे लागते आणि वीस-तीस मीटर खोल उतरावे लागते. जितके खोल तितकी मौज अधिक, असे पुष्कळांना वाटते. हे खरे आहे का?

हवेचा हिशेब

समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो. पाण्यात दर १० मीटरला तो सुमारे एक वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर २, २० मीटरवर ३ आणि ३० मीटरवर ४ वातावरणे. छातीवर बाहेरून एवढा दाब असताना श्वास घ्यायचा, तर आत येणारी हवाही तेवढ्याच दाबाची हवी. नळकांड्याला जोडलेली झडप नेमके हेच काम करते. जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये असे साधन यशस्वी करून दाखवले.

समजा, नळकांडे १२ लिटरचे असून त्यात २०० वातावरणे दाबाची हवा आहे. त्यातील ५० वातावरणे राखीव ठेवली, तर वापरायला १२ × १५० = १,८०० लिटर हवा मिळते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरू. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट, ४० लिटर लागेल. मग ती किती वेळ पुरेल?

१० मीटरवर : ४५ मिनिटे
२० मीटरवर : ३० मिनिटे
३० मीटरवर : साडेबावीस मिनिटे

नवशिका माणूस घाबरून जोरजोरात श्वास घेतो. त्याची हवा याहूनही लवकर संपते.

रंगांचा हिशेब

पाणी सर्व रंगांचा प्रकाश सारखा शोषत नाही. तांबडा प्रकाश सर्वांत आधी, पहिल्या काही मीटरांतच, बराचसा शोषला जातो. मग नारिंगी, मग पिवळा. खोल पाण्यात विजेरी नसेल, तर लाल मासाही काळपट दिसतो. तेव्हा प्रवाळाचे रंग पाहायचे असतील, तर उथळ जागाच बरी!

उथळ म्हणजे निर्धोक?

येथेच पुष्कळांची फसगत होते. बॉइलचा नियम आठवा. तापमान कायम असता वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम असतो. १० मीटरवर छातीत ४ लिटर हवा भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलो, तर दाब निम्मा होऊन ती हवा ८ लिटर होऊ पाहते. फुप्फुसात एवढी जागा कुठे? ती फाटू शकतात आणि जीवही जाऊ शकतो. उलट ३० मीटरवरून २० मीटरवर येताना तीच ४ लिटर हवा सुमारे सव्वापाच लिटरच होईल. म्हणजे दहा मीटरांचाच प्रवास, पण सर्वांत मोठा बदल पृष्ठभागाजवळच्या दहा मीटरांत होतो. म्हणून पहिला नियम असा : पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही आणि वर येताना सावकाश यायचे.

जागा आणि दिवस

आता निवड सोपी झाली. पहिल्या बुडीसाठी प्रशिक्षकाबरोबर, १२ मीटरांच्या आतली, हळूहळू खोल होत जाणारी, वाळूच्या तळाची जागा निवडावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा सुळक्यांभोवती प्रवाह जोराचे असतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला, ते मंद असतात. म्हणून ठिकाण ठरवताना पंचांगही पाहावे. सर्दी झाली असेल, तर बुडी रद्द करावी. कानांतला दाब सारखा करता येत नाही.

आणखी एक गोष्ट. दाबाखाली नत्रवायू रक्तात अधिक विरघळतो. विमानात हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांशच असतो. बुडीनंतर लगेच विमानात बसलो, तर सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. अनेक बुड्या मारल्या असतील, तर निदान १८ तास थांबावे. म्हणून बुडी सहलीच्या सुरुवातीला ठेवावी, शेवटच्या दिवशी नको.

माझे विद्यार्थी हा हिशेब वहीत उतरवून घेऊन गेले. तुम्हीही एक गणित सोडवा : १,८०० लिटर हवा १५ मीटरवर किती मिनिटे पुरेल?