अंगातलं बळ कशानं वाढतं?

शाळेत असताना आम्ही खोड्या करणाऱ्या पोरांना उठाबशा काढायला लावीत असू. कान धरायचे आणि वीस वेळा खाली बसून उठायचे. ही शिक्षा चांगली नव्हती, हे आम्हांला आता कळते. पण तो विषय निराळा.

निवृत्त झालो आणि आम्ही खुर्चीला चिकटलो. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पारावर गप्पा. तीन वर्षे अशीच गेली. मग गावातल्या एका लग्नात पंगतीला मांडी घालून बसलो. जेवण झाले. पंगत उठली. आम्हांला मात्र उठता येईना! एक हात जमिनीला टेकला, दुसरा टेकला, तरी बूड हलेना. वाढायला आमचा एक जुना विद्यार्थी होता. तो धावत आला आणि म्हणाला, "गुरुजी, द्या हात." ह्याच पोराला आम्ही सर्वांत जास्त उठाबशा काढायला लावल्या होत्या. तो काही बोलला नाही. पण त्याच्या मिशीत हसू होते.

रात्री झोप येईना. आज पंगतीत हात मिळाला. उद्या न्हाणीत एकटे असताना कोण हात देणार? म्हातारे माणूस पडते, मांडीचे हाड मोडते, अंथरुणाला खिळते. त्यातून पुष्कळ जण परत उठत नाहीत. असे एक तरी घर प्रत्येक गावात असते. तेव्हा हे बळ म्हणजे काय, ते जाते कुठे आणि परत येते का, ते आपण पाहू.

उजवा हात डाव्या दंडावर ठेवा. आता डावा हात कोपरात वाकवा. हाताखाली बेटकुळी वर आली ना? तो स्नायू. असे सहाशेहून जास्त स्नायू आपल्या अंगात आहेत. स्नायूला एकच काम येते, ओढण्याचे. दोर जसा ओढता येतो, पण दोराने ढकलता येत नाही, तसेच हे. म्हणून बहुतेक सांध्यांवर स्नायूंच्या जोड्या असतात. पुढचा स्नायू हात वाकवतो, मागचा हात सरळ करतो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघा सरळ करतो. बसलेला माणूस उठतो तो मुख्यतः ह्याच्या आणि ढुंगणाच्या स्नायूच्या जोरावर. आमचे नेमके हेच दोन ढिले पडले होते.

दोरात पेड असतात, तसे स्नायूत बारीक तंतू असतात. माणूस बळकट होतो तेव्हा तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. आहेत तेच तंतू जाड होतात. का होतात? रोजच्यापेक्षा जास्त ताण पडला की शरीराला निरोप मिळतो, की काम वाढले, माल वाढवा. मग शरीर अन्नातली प्रथिने घेऊन तंतूंची भरती करते. हे बांधकाम मुख्यतः काम थांबल्यावर होते, आणि दीड-दोन दिवस चालते. म्हणून विश्रांती आणि झोप हीही व्यायामाचीच बाजू आहे. उलट, ताण पडलाच नाही तर शरीर म्हणते, एवढा माल कशाला पोसायचा? आणि तंतू बारीक होतात. मोडलेल्या पायाचे प्लास्टर काढल्यावर पाय कसा काडीसारखा दिसतो, ते तुम्ही पाहिले असेल. थोड्याच आठवड्यांत एवढे होते. आम्ही तर तीन वर्षे खुर्चीत होतो.

आणखी एक गंमत आहे. व्यायाम सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते, पण दंड जाड झालेला दिसत नाही. मग हे बळ आले कुठून? चिखलात रुतलेली बैलगाडी दहा जण ओढतात. ज्याने त्याने आपापल्या वेळी ओढले तर गाडी हलत नाही. एकाने आवाज दिला आणि सगळ्यांनी मिळून जोर लावला की गाडी निघते. माणसे तीच. तसे मेंदूकडून मज्जातंतूंवाटे स्नायूला हुकूम येतो. सवयीने हा हुकूम नीट सुटतो आणि जास्त तंतू एकदम कामाला लागतात. तंतू जाड होण्याचे काम नंतर दिसते.

म्हणून बळ म्हणजे केवळ आडदांड अंग नव्हे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीला उतरले, ते ५७ किलोच्या गटात. वजन एवढेच. त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे एकट्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

आमच्या साक्षरता वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, आम्ही पाणी भरतो, खुरपतो, दिवसभर वाकतो. आम्हांला कशाला हवा व्यायाम?"

त्यांचे निम्मे खरे आहे. उकिडवे बसून खुरपणाऱ्या बाईच्या मांड्या आमच्यापेक्षा नक्कीच बळकट. पण काम जेवढे, तेवढेच बळ टिकते. तीच कळशी वीस वर्षे उचलली तर शरीर कळशीपुरते तयार होते, पुढे वाढत नाही. शिवाय काही स्नायू राबतात आणि काही पडून राहतात. पुरुषांचे तर आता काम पुष्कळ बदलले. मोट गेली, मोटार आली. नांगर ट्रॅक्टरला लागला. बापाच्या अंगात जे बळ कामाने येत होते, ते मुलाच्या अंगात आपोआप कसे येणार?

आणि बायांच्या बाबतीत दुसरी गोष्ट आहे. ती आम्हांला जास्त टोचते. काम सर्वांत आधी, आणि जेवण सर्वांत शेवटी. आमटीतली डाळ वरच्यांच्या वाट्याला, तळाचे पाणी तिच्या वाट्याला. नुसत्या राबण्याने स्नायू बनत नाही. माल पोचला नाही तर गवंडी काय बांधणार? घरातल्या पुरुषांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

माल म्हणजे प्रथिने. लोक म्हणतात, पैलवानाचे बळ तुपात. तुपाने कामाला उष्णता मिळते खरी, पण तुपात प्रथिने जवळजवळ नसतात. ती डाळीत, हरभऱ्यात, शेंगदाण्यात, दूध-दह्यात, अंड्यात, मासळीत, मटणात असतात. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम असा हिशोब धरावा. ५० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७, ३० ग्रॅम डाळीत तेवढीच. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅम पिठातही १० ग्रॅमच्या आसपास असतात. भाकरीबरोबर घट्ट वरण किंवा उसळ घेतली की हिशोब बराचसा जमतो. डब्यातल्या महाग पावडरीची गरज नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने मात्र डॉक्टरला विचारावे.

आता ताण किती द्यायचा? नवा गोऱ्हा आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी हलके काम, मग जड. जनावराच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला आहे. स्वतःच्या बाबतीत नसते. लहानपणी आम्ही जत्रेत कुस्त्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दीडशे बैठका मारल्या. पुढचे तीन दिवस ओट्याची पायरी उतरताना आई गं म्हणत होतो. अशी दुखण नव्या ताणाने तंतूंना बारीक इजा झाल्याने येते आणि तीन-चार दिवसांत जाते. ती आली म्हणजेच व्यायाम झाला, ही समजूत चुकीची आहे.

म्हाताऱ्यांना वाटते, आता काय उपयोग? चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर जास्त घटतात, हे खरे. पण अमेरिकेत बॉस्टन शहरी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे मांडीचा व्यायाम करवून घेतला. ही हकिगत १९९० साली छापून आली. एक जण मध्येच थांबला. बाकीच्यांच्या मांडीचे बळ सरासरीने दुपटीहून जास्त झाले. आम्ही तर तेव्हा चौसष्टीतही नव्हतो. हे वाचले आणि आम्हांला सबब उरली नाही.

आम्ही केले ते असे. भिंतीला टेकवून एक उंच खुर्ची ठेवली. हात छातीवर बांधले. पावले खांद्याएवढी दूर. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. श्वास कोंडू नये, त्याने रक्तदाब चढतो. बसताना धपकन बसू नये, सावकाश बसावे. पहिल्या दिवशी पाच झाल्या. थोडा दम खाऊन पुन्हा पाच. एक दिवस आड. बारा-पंधरा सहज होऊ लागल्या की बसायची जागा खाली आणायची. खुर्चीनंतर स्टूल, स्टुलानंतर दोन पाट एकावर एक. हातांसाठी भिंतीला तळवे टेकून जोर काढावेत. पोटऱ्यांसाठी दाराची चौकट धरून चवड्यांवर उभे राहावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढे पुरते. छातीत दुखले, चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबावे आणि दवाखाना गाठावा. हृदयाचे दुखणे असेल तर आधी विचारूनच सुरू करावे. साखरेचा आजार असलेल्यांना ह्यात आणखी लाभ आहे, कारण काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो.

न्हाणीतल्या भिंतीवर आम्ही कोळशाने आकडे लिहितो. घरात त्यावरून बोलणी बसली, पण आकडे राहिले. आता एका पाटावरून हात न टेकता उठता येते. जमिनीवरून उठताना अजून एक हात गुडघ्यावर जातो. तो जुना विद्यार्थी बाजारात भेटला की विचारतो, "गुरुजी, आज किती?"

परवा आम्ही म्हटले, "पंधरा."

"अजून पाच राहिल्या की," तो म्हणाला.