बडनेऱ्याच्या सांध्यावरचे गणित

बडनेरा स्टेशनच्या पुलावर कधी उभे राहिला आहात का? मुंबई–भुसावळ–नागपूर हा मुख्य लोहमार्ग खालून जातो आणि अमरावतीहून येणारी सुमारे दहा किलोमीटरची शाखा येथेच त्याला मिळते. मुंबईला जाणाऱ्या काही गाड्या नागपूरकडून येतात, काही अमरावतीहून. अकोल्याच्या दिशेने मात्र त्या साऱ्यांना एकाच मार्गाने, एकामागून एक सोडावे लागते.

आता एक गोष्ट पाहा. नागपूरकडच्या गाड्या आपापसांत अगोदरच क्रमाने येत आहेत. अमरावतीकडच्याही तशाच. मग पुढची गाडी कोणती सोडायची हे ठरवण्यासाठी दिवसभराच्या सर्व गाड्यांचा विचार करावा लागेल का? मुळीच नाही. दोन्ही मार्गांवर सर्वांत पुढे असलेल्या गाड्या तेवढ्या पाहायच्या आणि ज्या गाडीची वेळ आधीची तिला वाट द्यायची. (प्रत्यक्षात स्टेशन मास्तरला आणखी बरेच काही पाहावे लागते. तूर्त ते बाजूला ठेवू.)

दोन क्रमवार याद्यांची एक क्रमवार यादी करण्याची रीत नेमकी हीच आहे. तिला आपण विलीनीकरण म्हणू. काही काल्पनिक वेळा घेऊन ती करून पाहू. या वेळा वेळापत्रकात शोधू नका, मी सोयीसाठी घेतल्या आहेत.

नागपूरकडून: ५.१०, ६.४०, ९.०५, ११.३०, १४.२०
अमरावतीहून: ५.५०, ९.०५, १०.१५

पहिली तुलना ५.१० आणि ५.५० यांची. ५.१० ची गाडी गेली. आता ६.४० व ५.५० समोरासमोर आल्या, तेव्हा ५.५० गेली. मग ६.४० व ९.०५ मध्ये ६.४० गेली. पुढे दोन्हीकडे ९.०५! अशा वेळी काही तरी नियम आधीच ठरलेला हवा. आपण ठरवू की बरोबरी झाल्यास पहिल्या यादीचा मान आधी. त्यानंतर अमरावतीची ९.०५, मग १०.१५, आणि दुसरी यादी संपली. ११.३० व १४.२० यांना आता कोणाशीच स्पर्धा नाही. त्या तशाच मागे जोडून दिल्या.

तुलना किती झाल्या? मोजून पाहा, सहा. प्रत्येक तुलनेनंतर एक गाडी मार्गी लागते आणि शेवटच्या गाडीला तुलनाच नको असते. म्हणून एका यादीत म आणि दुसरीत न घटक असतील, तर तुलना फार तर म + न − १ होतात. आपल्या उदाहरणात ही मर्यादा सात होती. आता १,२०० आणि ८०० नावांच्या दोन क्रमवार याद्या घ्या. विलीनीकरणाला फार तर १,९९९ तुलना लागतील. उलट, क्रम आधीच लागलेला आहे हे विसरून २,००० नावांतून दर वेळी सर्वांत आधीचे नाव हुडकत बसलो, तर १९ लाख ९९ हजार तुलना कराव्या लागतील! अगोदर केलेले काम वाया न घालवणे, यातच या रीतीची सारी मौज आहे.

संगणकाच्या जगात ही रीत जुनीच आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये, एडव्हॅक हा संगणक तयार होण्यापूर्वीच, त्याच्यासाठी जी आज्ञावली कागदावर लिहिली ती विलीनीकरणाने क्रम लावण्याचीच होती. आज आपल्याला ती स्वतः लिहावी लागत नाही. प्रत्येक संगणकभाषेबरोबर तयार आज्ञांचा एक संग्रह मिळतो, त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. सी प्लस प्लस या भाषेच्या संग्रहात ‘मर्ज’ नावाची आज्ञा आहे. तिला पाच गोष्टी सांगाव्या लागतात. पहिल्या यादीची सुरुवात व शेवट, दुसऱ्या यादीची सुरुवात व शेवट, आणि उत्तर कोठे लिहायचे ती जागा. येथे ‘शेवट’ म्हणजे शेवटचा घटक नव्हे, तर त्याच्या पुढची जागा. नवशिके येथे हमखास अडखळतात. प्लॅटफॉर्म संपल्यावरचा पहिला खांब डोळ्यांपुढे आणा, म्हणजे लक्षात राहील. बरोबरी झाली तर पहिल्या यादीतला घटक आधी, हा आपला नियमही ही आज्ञा कसोशीने पाळते. पायथन भाषेत ‘हीपक्यू’ या विभागात ‘मर्ज’ आहे. ती सगळी यादी एकदम तयार करीत नाही. आपण मागू तेव्हा पुढचा एकेक घटक देते. म्हणून संगणकाच्या स्मृतीत मावणार नाहीत एवढ्या मोठ्या याद्याही तिला चालतात.

एवढे सोपे असताना चूक कोठे होणार, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटत होते.

काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी दोन तुकड्यांच्या याद्या मी ‘मर्ज’ने एकत्र केल्या. एकूण संख्या ताडून पाहिली, बरोबर होती. नाव टाकले की गट क्रमांक सांगणारी एक लहानशी आज्ञावलीही मी केली होती. परीक्षेच्या सकाळी एक मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी आली. तिचे नाव टाकले, तर संगणक म्हणाला, ‘नाव नाही’. दोनदा टाकले, तरी तेच. बाहेरगावाहून पहाटेच्या गाडीने आलेली ती मुलगी. ‘सर, माझा फॉर्मच भरला गेला नाही का?’ असे विचारताना तिचा चेहरा उतरला होता. तिला परत पाठवणार, तोच छापील यादी नजरेस पडली. तिचे नाव तिच्यात होते, अगदी शेवटी!

तिचे आडनाव ‘क्ष’ने सुरू होत होते. आपण वर्णमाला म्हणताना ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट करतो आणि तिच्या तुकडीची हाताने केलेली यादी त्याच क्रमाने होती. दुसऱ्या तुकडीची यादी संगणकाने लावलेली. संगणकाला ‘क्ष’ हे वेगळे अक्षर ठाऊक नाही. त्याच्या लेखी ते क, हलन्ताची खूण आणि ष अशा तीन चिन्हांचे बनते. म्हणून त्याच्या क्रमात ‘क्षीरसागर’ हे ‘कोल्हे’नंतर आणि ‘खंडारे’च्या आधी येते.

हे कागदावर करून पाहा.

हाताने केलेली यादी: इंगळे, काळे, देशमुख, वानखडे, क्षीरसागर
संगणकाची यादी: अढाऊ, खंडारे, ठाकरे, राऊत

संगणकाच्या नियमाने विलीनीकरण केले, तर अढाऊ, इंगळे, काळे, खंडारे, ठाकरे, देशमुख, राऊत, वानखडे, क्षीरसागर अशी यादी मिळते. नावे नऊच्या नऊ आहेत. आता माझी आज्ञावली शोध कसा घेत होती ते पाहा. शब्दकोश उघडावा तशी ती यादीच्या मधोमध जाई. मधले नाव ‘ठाकरे’. संगणकाच्या मते ‘क्षीरसागर’ त्याच्या आधी यायला हवे, म्हणून तो डावीकडच्या चार नावांतच शोधतो. तेथे ते नाही. उजवीकडे तो पाहतच नाही आणि बेधडक सांगतो, ‘नाव नाही’.

दोष ‘मर्ज’चा नव्हता, माझा होता. दोन्ही याद्या क्रमवार असाव्यात, आणि त्यासुद्धा एकाच नियमाने, ही तिची अट आहे. अट पाळली गेली की नाही हे ती तपासत नाही. तपासत बसली तर तिचा वेग कमी होईल. चुकीच्या यादीवरही ती निमूटपणे काम करते आणि दिसायला व्यवस्थित उत्तर देते.

तपासणी आपणच करायची असते. सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून ‘इज सॉर्टेड’ ही आज्ञा आहे. ती शेजारशेजारच्या घटकांच्या तुलना करून यादी क्रमवार आहे की नाही ते सांगते. न घटकांना फार तर न − १ तुलना, म्हणजे फारसा खर्च नाही. मराठी वर्णक्रमच हवा असेल, तर तुलनेचा नियम आपण लिहून ‘मर्ज’ला देता येतो. मात्र मग याद्या लावताना आणि पुढे नाव शोधतानाही तोच नियम द्यायला हवा.

पायथनमध्ये आणखी एक सोपी वाट आहे. दोन्ही याद्या एकापुढे एक ठेवून ‘सॉर्टेड’ या आज्ञेच्या हवाली करायच्या. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी तयार केलेली क्रम लावण्याची रीत आधीच क्रमवार असलेले तुकडे ओळखते आणि त्यांचे विलीनीकरणच करते. याद्या क्रमवार असतील तर थोडक्यात काम होते, नसतील तर थोडा वेळ जास्त लागतो, पण उत्तर बरोबर येते. याद्या स्मृतीत मावत असतील, तर मी हल्ली हेच करतो.

ती मुलगी त्या दिवशी दुसऱ्या गटात परीक्षेला बसली.

आता एक कोडे तुमच्यासाठी. रात्रीच्या पाळीत बडनेऱ्याला एका बाजूने २२.१५, २३.४०, ०.३० आणि १.५० या वेळांना गाड्या येतात, दुसऱ्या बाजूने २२.५० आणि ०.१० या वेळांना. गाड्या आपापल्या मार्गावर क्रमानेच आहेत. हे आकडे जसेच्या तसे घेऊन विलीनीकरण करा. ०.१० ची गाडी कोठे जाऊन बसते? आणि एकाही गाडीची जागा न हलवता, फक्त वेळ लिहिण्याची पद्धत बदलून हे कसे सुधाराल?