छपराखालील पाहुणी

मुलांनो, पावसाळा सरला की गावाबाहेरच्या तारांवर लहान लहान पक्षी ओळीने बसलेले तुम्ही पाहिले असतील. पाठ चकचकीत निळी, कपाळ व गळा तांबूस, पोट पांढुरके आणि शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. हीच माळभिंगरी. हिवाळ्यापुरती ती आपल्याकडे येते. तिचे माहेर मात्र उत्तरेस, हिमालयात व त्याच्याही पलीकडे आहे.

एके काळी ही भिंगरी डोंगराच्या कपारींत घरटे बांधी. माणूस घरे बांधू लागला, तशी तीही त्याच्या छपराखाली आली. आता तिचे घरटे बहुधा घराच्या, गोठ्याच्या वा दुकानाच्या तुळईलाच आढळते. तेथे ऊनपावसाचे भय नसते, आणि गुरांभोवती माश्यांनाही तोटा नसतो. नर व मादी चोचीतून ओल्या चिखलाच्या गोळ्या आणतात, त्यांत गवताच्या काड्या मिसळतात आणि शेकडो खेपा करून अर्ध्या वाटीसारखे घरटे उभारतात. आत पिसांची मऊ गादी असते. मादी ४-५ अंडी घालते. सुमारे १५ दिवसांनी पिले बाहेर येतात व पुढे सुमारे ३ आठवड्यांत उडू लागतात.

हिवाळ्यात या भिंगऱ्या कोठे जातात, हे युरोपातील लोकांना फार काळ उमगले नव्हते. त्या तळ्याच्या तळाशी चिखलात निजतात, असेही कित्येक मानीत. मे १९११ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात मेसफील्ड नावाच्या गृहस्थांनी आपल्या देवडीत घरटे केलेल्या एका भिंगरीच्या पायात धातूचे कडे अडकवले. कड्यावर क्रमांक व लंडनचा पत्ता होता. दीड वर्ष लोटले. मग दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातून एक पत्र आले. २३ डिसेंबर १९१२ रोजी तीच भिंगरी तेथे सापडली होती! सुमारे २० ग्रॅम वजनाचा तो जीव नऊ हजार किलोमीटरांहून दूर गेला होता; आणि तेथेही तो सापडला, तो एका शेतावरच्या घरातच. परक्या देशातही तिला माणसाच्या छपराचा विश्वास वाटला.

नेपाळात या पक्ष्याला गौंथली म्हणतात व त्याचे घरटे शुभ मानतात. विष्ठा खाली पडू नये म्हणून दुकानदार घरट्याखाली पुठ्ठा बांधतात. पण घरटे पाडीत नाहीत. आपल्याकडे हिचीच एक बहीण, तारवाली भिंगरी, पुलांखाली असेच मातीचे घरटे बांधते. ते पाडावयास काठीचा एक फटका पुरतो. बांधावयास मात्र शेकडो खेपा लागतात. तेव्हा हातात काठी घेण्यापूर्वी त्या खेपा आठवा. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला, त्याला आश्रय देणे हाच खरा गृहस्थधर्म होय.

अभ्यास
१. भिंगरी माणसाच्या वस्तीत घरटे का बांधते?
२. पायातील कड्यामुळे कोणते कोडे उलगडले?
३. ‘गृहस्थधर्म’ या शब्दाचा पाठातील अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.